नंदीबैलाची संमती

नंदीबैल पाहिला नाही असा माणूस मराठवाड्यात तरी विरळा. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरांची माळ, आणि शेजारी गुबुगुबु वाजवीत उभा असलेला त्याचा धनी. धनी विचारतो, यंदा पाऊस पडेल का? बैल मान हलवतो. पोरीचे लग्न जमेल का? बैल मान हलवतो. थोरला परीक्षेत पास होईल का? बैल पुन्हा मान हलवतो. बैलाला प्रश्न कळत नाही. मान हलवली की पुढच्या दारी जायला मिळते एवढेच त्याला कळते. हे पसाभर धान्य घालणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. म्हणूनच भाकीत खोटे ठरले तर बैलाला जाब विचारायला कोणी जात नाही.

हल्ली मात्र एक स्थळ असे निर्माण झाले आहे, की तेथे माणूस नंदीबैलासारखी मान हलवतो आणि मागाहून त्याला जाबही विचारला जातो. ते स्थळ म्हणजे संगणकाचा पडदा. एखादा गेम चालू करायला जावे, तर पडदा एकाएकी काळवंडतो, मध्यभागी एक चौकट उभी राहते आणि विचारते, या कार्यक्रमाला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का? खाली दोन बटणे असतात, होय आणि नाही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध दूरचाच. पण 'होय' आणि 'नाही' हे दोन शब्द भाषेच्या शिक्षकाच्या कक्षेत येतात असे मी मानतो. त्या चौकटीत दाबलेले 'होय' हा खरोखर होकार असतो काय, आणि नसेल तर त्याची जबाबदारी कोणाच्या माथी मारावी, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घोळत आहे. तोच येथे मांडतो.

प्रथम त्या चौकटीत काय विचारले जाते ते नीट समजून घेतले पाहिजे. संगणकावर बसणाऱ्याचे एक खाते असते. काही खाती साधी असतात. काही प्रशासकाची, म्हणजे सगळे ज्याला 'अ‍ॅडमिन' म्हणतात त्याची. साध्या खात्यातला माणूस भाडेकरूसारखा. आपल्या खोलीत त्याने हवे ते मांडावे, हवे ते गावे. पण भिंत पाडायची तर मालकाला विचारले पाहिजे. अ‍ॅडमिन हा मालक. तो भिंती पाडू शकतो, कुलपे बदलू शकतो, पहारेकऱ्याला रजा देऊ शकतो आणि इतर भाडेकरूंच्या पेट्याही उघडू शकतो. चौकटीतला प्रश्न म्हणजे हा मालकीचा शिक्का घटकाभर त्या गेमच्या हाती द्यावा की न द्यावा, असा प्रश्न. घटकाभर म्हणतो खरे. पण शिक्का हाती असताना नव्या किल्ल्या पाडून घेता येतात, आणि त्या किल्ल्या शिक्का परत केल्यावरही ज्याच्या त्याच्या खिशात राहतात.

हा प्रश्न पूर्वीपासून विचारला जात होता असे नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हा घरोघरच्या संगणकावर बहुधा एकच खाते असे आणि ते मालकाचे असे. त्याच सुमारास महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि ज्यांनी आयुष्यात टाइपरायटरही शिवला नव्हता, त्या माणसांनी माऊस हाती धरला. ज्या यंत्रावर बसलो त्याचे आपण मालक आहोत की भाडेकरू, हा विचार त्या वेळी फार थोड्यांच्या मनात आला असेल. पुढे २००६ च्या अखेरीस उद्योगांसाठी आणि २००७ च्या जानेवारीत सर्वांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा आणली आणि नवी रीत घातली. मालक असला तरी त्याने साध्या माणसाच्या वेषात वावरावे. मालकीचा वेष लागेल तेव्हा पडदा काळा करून त्याला विचारावे. पडदा काळा होतो तो भिवविण्यासाठी नव्हे. त्या क्षणी इतर कार्यक्रमांना बाहेर ठेवले जाते, म्हणजे कोणी लबाड मालकाच्या वतीने परस्पर 'होय' दाबू नये. यामागचा विचार तर त्याहून जुना. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी संगणकातील संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक असे होते, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून तसूभरही अधिक नसावा. हे तत्त्व यंत्रांसाठी सांगितले गेले. पण मला ते नीतिशास्त्राच्या पुस्तकात शोभण्यासारखे वाटते. त्याकडे मी पुढे येईन.

आता कोणी विचारील, की खेळाला मालकाचा शिक्का कशाला हवा? गोट्या खेळायला येणाऱ्या पोराने घराच्या किल्ल्या का मागाव्यात? त्याची कारणे तीन-चार आहेत आणि ती सगळी सारख्या मोलाची नाहीत. एक तर गेम पहिल्यांदा बसवताना त्याचे सामान सगळ्यांच्या सामाईक कोठारात ठेवावे लागते; तेवढ्यापुरती मालकाची परवानगी रास्त आहे. दुसरे, काही जुने गेम मालकशाहीच्या काळात लिहिले गेले. खेळणाऱ्याने कोठवर मजल मारली याची नोंद ते त्या कोठारातच लिहू पाहतात, जसा जुन्या वाड्यातला गडी नव्या घरातही थेट माजघरात शिरतो. त्यात दुष्टावा नसतो, सवय असते. तिसरे, फुकट मिळावेत म्हणून कुलूप तोडलेले गेम. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या या मालात आत आणखी कोण बसला आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

चौथे कारण अलीकडचे आणि विचार करायला लावणारे आहे. अनेकांनी मिळून दूरदूरच्या यंत्रांवरून खेळायच्या गेममध्ये लबाडी करणारे असतात. लबाडीची साधने संगणकाच्या गाभ्यात दडून बसतात, म्हणून त्यांना पकडणारा पहारेकरीही गाभ्यात नेऊन बसवण्याची प्रथा पडली. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट' या गेमचा पहारेकरी तर गेम चालू नसतानाही, यंत्र सुरू झाल्यापासून जागा असतो. माझे काही विद्यार्थी याचे समर्थन करतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पंच असल्याशिवाय सामना प्रामाणिकपणे होत नाही. पण पंचाने मैदानावर उभे राहावे. पहाटेपासून आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावे काय? शिवाय पंच सज्जन असला तरी त्याची शिट्टी चोराच्या हाती लागू शकते. 'गेन्शिन इम्पॅक्ट' या लोकप्रिय गेमच्या अशाच पहारेकऱ्याचे उदाहरण आहे. तो रीतसर सही-शिक्क्याचा होता. आणि २०२२ साली खंडणीखोरांनी त्याचाच उपयोग करून दुसऱ्यांच्या संगणकांवरचे खरे पहारेकरी झोपवले. ज्यांच्या यंत्रावर तो गेम कधी आलाच नव्हता तेथेही त्यांनी हा पहारेकरी स्वतःबरोबर नेला. आपण ज्याला अधिकार देतो तो चांगला आहे एवढे पुरत नाही. त्याच्या हातचा अधिकार दुसरा कोणी उचलू शकतो का, हेही पाहावे लागते.

या साऱ्या गोष्टी मला सहज ठाऊक झाल्या नाहीत. एका मुलामुळे ठाऊक करून घ्याव्या लागल्या. आमच्या शाळेच्या संगणक-खोलीत जी यंत्रे होती, त्यांवर पुरवठादाराने एकच खाते उघडून दिले होते, अ‍ॅडमिनचे. आणि त्याला पासवर्ड नव्हता. इयत्ता आठवीतल्या एका मुलाने मित्राकडून पेनड्राइव्हवर मोटारींच्या शर्यतीचा गेम आणला. पडदा काळवंडला, इंग्रजीत प्रश्न आला, मुलाने 'येस' दाबले. गेम छान चालला. आठवडाभराने त्या यंत्रातले निकालपत्रकांचे आणि दाखल्यांचे सगळे कागद कुलूपबंद झाले आणि पडद्यावर पैशाची मागणी झळकली. यंत्रे दुरुस्त करणारा म्हणाला, हे त्या गेमबरोबर आत आले. आम्ही पैसे दिले नाहीत. जुनी रजिस्टरे काढून तीन आठवडे सगळे पुन्हा टाइप केले.

मग चौकशी झाली. पेनड्राइव्ह आणू नये हा शाळेचा नियम मुलाने मोडला होता आणि त्याची शिक्षा त्याला व्हावी, हे मलाही मान्य होते. पण चौकशीत जो मुद्दा सारखा पुढे येत राहिला तो नियमभंगाचा नव्हता. एक सहकारी म्हणाले, "यंत्राने त्याला विचारले होते. त्याने होय म्हटले. मग यंत्राचा दोष नाही, पुरवठादाराचा नाही, आपलाही नाही." या वाक्यातला तर्क मला चमत्कारिक वाटला. प्रश्न एकाला विचारला गेला आणि त्यामुळे बाकी सगळे मोकळे झाले! प्रश्नाचे खरे काम उत्तर मिळवणे हे असते. येथे प्रश्नाने जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकण्याचे काम केले होते, आणि तो दुसरा खांदा तेरा वर्षांचा होता.

मी मुलाला विचारले, "चौकटीत काय लिहिले होते?" तो म्हणाला, "माहीत नाही सर, पण तिथं येस दाबल्याबिगर गेम चालत नाही." नाही दाबले तर काय होते, असे विचारल्यावर तो गोंधळला. त्याने कधी दाबून पाहिले नव्हते. खोलीत बसलेल्या आम्हा मोठ्यांपैकीही कोणी ते खात्रीने सांगू शकले नाही. वस्तुतः काहीच होत नाही. पडदा पुन्हा उजळतो, गेम सुरू होत नाही, यंत्र होते तसे राहते. इतका निरुपद्रवी तो शब्द. आणि तोच आम्हांपैकी कोणी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांना बोलावले. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून गृहस्थ तसेच आले होते. एक पत्र टाइप करून ठेवले होते. त्यात, झालेल्या नुकसानीस माझा पाल्य सर्वस्वी जबाबदार असून भरपाई देण्यास मी बांधील आहे, असा मजकूर होता. त्यांनी खिशातून पेन काढले आणि विचारले, "कुठं करू सही, सर?"

मी म्हणालो, "आधी वाचा तरी."

"तुम्ही लिवलंय म्हणल्यावर बरोबरच आसंल की."

मी पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ऐकता ऐकता त्यांनी पेनचे टोपण लावले. "आसं आसंल तर नाही करत सही," ते शांतपणे म्हणाले. "पोरानं बटन दाबलं हे खरं. पण काय दाबायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं का?" खोलीत कोणी बोलले नाही. कारण जे मुलाने यंत्रापुढे केले, नेमके तेच आम्ही बापाकडून करून घ्यायला बसलो होतो. मुलाच्या ज्या 'येस'ला आम्ही अपराध म्हणत होतो, बापाच्या तशाच सहीला आम्ही संमती म्हणणार होतो. पत्र शेवटी मागे घेतले गेले; भरपाई मागितली गेली नाही. मुलाला मात्र सहामाही संपेपर्यंत संगणक-खोली बंद राहिली.

या बाबतीत आपला कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा संमतीची व्याख्या करताना म्हणतो, की दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाल्या, तरच त्यांनी संमती दिली असे मानावे. एकाच अर्थाने! गेम विचारतो, यंत्राचा शिक्का देतोस का. मुलगा ऐकतो, खेळायला सुरुवात करू का. दोघांच्या मनातल्या गोष्टी वेगळ्या, अर्थ वेगळे. मग मिलन कोठे झाले? त्याच कायद्याखाली १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात निर्णय दिला, की वयाने लहान असलेल्याने केलेला करार मुळातच रद्दबातल. अगदी अलीकडे, २०२३ साली, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तोही म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. आणि अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाला विचारले पाहिजे. हा कायदा माहितीपुरता आहे, पडद्यावरच्या त्या चौकटीला तो लागू नाही. पण त्यातली कसोटी मनाशी लावून पाहायला कोणाची हरकत?

आणि आपली कायद्याची मराठी पाहा. वयात न आलेल्याला ती 'अज्ञान' म्हणते आणि वयात आलेल्याला 'सज्ञान'. अठराव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री ज्ञान अंगात संचारते, अशी कायद्याची सोयीची समजूत आहे आणि व्यवहारासाठी ती ठीकच आहे. परंतु त्या काळवंडलेल्या पडद्यापुढे सज्ञान कोण? मी नव्हे. माझे सहकारी नव्हेत. जो प्रश्न आपल्याला कळलेला नाही त्यापुढे आपण सारेच अज्ञान असतो, मग वय काही असो.

यावर जाणकार म्हणतील, की चौकटीत गेम कोणी बनवला त्याचे नावही दिलेले असते. तेवढे वाचले तरी पुरे. सल्ला चांगला आहे. बनवणाऱ्याचे नाव अज्ञात असेल तर सरळ 'नाही' म्हणावे, एवढे तर मी आता मुलांना शिकवतोच. पण नावावरून माल कोणाचा हे कळते, माल काय आहे हे कळत नाही. आमच्या शहरापासून जवळच देवगिरीचा किल्ला आहे. दरवर्षी आम्ही मुलांची सहल तेथे नेतो. तासलेला उभा कडा, खोल खंदक, वाट चुकवणारी अंधारी. जगातला कोणता शत्रू येथे शिरेल असे मुलांना वाटते. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला, तेव्हा राजा रामचंद्रदेव या किल्ल्याच्या आश्रयाला गेला. तवारिखांत असे सांगितले आहे, की घाईघाईने ज्या गोण्या धान्याच्या म्हणून किल्ल्यात चढवल्या, त्या वेढ्यात उघडून पाहिल्या तेव्हा मिठाच्या निघाल्या, आणि राजाला तहाखेरीज गत्यंतर उरले नाही. त्या गोण्यांना दरवाजावर कोणी अडवले नाही, कारण गोणी धान्याचीच असते हे सर्वांनी गृहीत धरले होते. खंदक, कडा, अंधारी हे सगळे आपापल्या जागी होते. गोणीचे तोंड सोडून पाहणारे बोट तेवढे नव्हते.

मात्र प्रत्येक गोणी सोडून पाहण्याचे ओझे हमालावरच टाकावे, हेही न्यायाचे नाही. व्हिस्टाच्या चौकटी इतक्या वारंवार येत, की माणसे वैतागून गेली. २००८ साली कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर परिषदेत सांगितले, की लोकांना त्रास व्हावा हा हेतूच होता. लोक कुरकुरले म्हणजे कार्यक्रम लिहिणारे ऊठसूट मालकीचा शिक्का मागणे सोडतील. युक्ती काही अंशी लागू पडली आणि पुष्कळ कार्यक्रम खरोखरच सुधारले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये चौकटीही कमी झाल्या. पण मधल्या काळात लक्षावधी माणसांच्या बोटांना जी सवय लागली तिचे काय? 'लांडगा आला रे' ही गोष्ट आपण खोटे बोलणाऱ्या पोराची म्हणून मुलांना सांगतो. ती गावकऱ्यांचीही गोष्ट आहे. वारंवार हाक आली, की ऐकणाऱ्याचा कान मरतो.

आमच्या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास बांधलेला भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा असे कितीतरी अजून उभे आहेत. एके काळी त्यांच्यावर पहारा असे. कोण आलास, कोठला, कशासाठी, असे विचारले जाई. आज त्यांच्याखालून रिक्षा आणि मोटारसायकली सुसाट जातात; दरवाजा आहे, विचारणारा नाही. शहराच्या दृष्टीने हे योग्यच झाले. त्या पहाऱ्याची आता गरज उरलेली नाही. पण संगणकावरच्या चौकटीचे जे झाले आहे ते मला याहून वाईट वाटते. तेथे पहारेकरी उभा आहे, तो दरेकाला विचारतोही आहे, आणि उत्तर कोणीच विचार करून देत नाही.

मग हे विचारणेच बंद करावे काय? हा मार्ग काहींनी घेतला आहे. गेम खेळण्याची खास यंत्रे आणि कितीएक मोबाइल असे असतात, की त्यांत मालकीचा शिक्का विकत घेणाऱ्याच्या हाती दिलाच जात नाही. तो कंपनीजवळ राहतो. त्यात सुरक्षितता अधिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या घरात आपण कायमचे पाहुणे होतो. घरात काय बसवावे आणि काय नाही हे दुसरा ठरवतो, आणि तो नेहमी आपल्याच हिताचे ठरवील अशी हमी कोणी द्यावी? ज्याला कधी विचारलेच जात नाही, तो माणूस हळूहळू विचारण्याच्या योग्यतेचाही उरत नाही. म्हणून प्रश्न असावा, असेच मी म्हणेन. परंतु विचारणाराही काही बांधिलकी पाळणारा हवा. त्याने क्वचित विचारावे. ऐकणाऱ्याच्या भाषेत विचारावे. काय मागतो आहे ते नेमके सांगावे. आणि 'नाही' म्हणणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. आजच्या चौकटीला दोनच बटणे आहेत. किल्ल्या द्या आणि खेळा, किंवा खेळू नका. 'खेळू दे, पण किल्ल्या देणार नाही' असे तिसरे बटण तेथे नाही. मुलाला खेळायचे असते. त्याच्यापुढे ठेवलेली निवड ही निवडच नव्हे. ज्या गेमला वस्तुतः शिक्का लागतच नाही त्याने तो मागणे, ही मला यंत्रातली चूक वाटत नाही. तो शिष्टाचाराचा आणि म्हणून नीतीचा भंग वाटतो.

आता राहिली आपली बाजू. सॉल्टझर आणि श्रोडर यांच्या ज्या तत्त्वाचा मी वर उल्लेख केला, त्याला आपल्या परंपरेत एक सख्खे नाते आहे, ते अपरिग्रहाचे. गरजेपेक्षा अधिक धन जवळ बाळगू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले. आपण पाळले नाही, ही गोष्ट वेगळी. पण गरजेपेक्षा अधिक अधिकार जवळ बाळगू नये, असे फारसे कोणी सांगितलेले मला आठवत नाही. उलट, अधिकार जितका जवळ तितका माणूस मोठा, अशीच आपली समजूत. गावातल्या सोसायटीचा चेअरमन घरच्या लग्नातही चेअरमनच असतो. साहेब निवृत्त झाला तरी साहेब म्हणवून घेतो. संगणकावर दिवसभर अ‍ॅडमिन म्हणून बसणारा माणूस त्याच जातीचा. त्याला पत्र टाइप करायचे असते, नातवाचा फोटो पाहायचा असतो, घटकाभर पत्ते खेळायचे असतात. यांपैकी कशालाही शिक्का लागत नाही. तरी शिक्का कमरेला बांधूनच तो वावरतो, आणि मग ज्या कोणाला त्याला फसवायचे असते त्याचे काम सोपे होते. ज्याच्या कमरेला किल्ल्याच नाहीत त्याच्याकडून त्या कोणी हिसकावू शकत नाही. अधिकार असून तो पेटीत ठेवणे हा दुबळेपणा नव्हे. लागेल तेव्हा उठून, पेटी उघडून, तो हाती घ्यावा. उठण्याच्या त्या चार पावलांत माणसाला विचार करायला वेळ मिळतो. नुसत्या बटणाला लागतो क्षण. पासवर्ड टाइप करताना निदान आपण काहीतरी देतो आहोत एवढी तरी जाणीव बोटांना होते.

शाळेत आम्ही शेवटी हेच केले. प्रत्येक यंत्रावर मुलांसाठी साधे खाते उघडले. अ‍ॅडमिनच्या खात्याला पासवर्ड घातला आणि तो दोन शिक्षकांकडे ठेवला. निकालपत्रकांची एक प्रत आता यंत्राबाहेर कपाटात असते. ज्या मुलाला दोषी ठरवले होते, तो पूर्वी मालकाच्या खुर्चीत बसला तो खुर्चीचा लोभ होता म्हणून नव्हे. त्या खोलीत दुसरी खुर्चीच मांडलेली नव्हती. ती मांडण्याचे काम मोठ्यांचे होते. नव्या सत्रात तो पुन्हा येऊ लागला आहे. एखादा गेम शिक्का मागू लागला, की मुलांना जिना चढून शिक्षकांच्या खोलीत यावे लागते आणि तो काय मागतो ते मराठीत सांगावे लागते. सांगता आले तर आम्ही त्यावर विचार करतो. कधी होय म्हणतो, पुष्कळदा नाही. मुले कुरकुरतात. त्यांचा खेळाचा वेळ जिन्यात जातो हे खरेच आहे. पण गेल्या महिन्यात दोन मुली अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या. मी वरून हाक मारून विचारले, तेव्हा एक म्हणाली, "काही नाही सर, चौकट नीट वाचली. आम्हीच नाही म्हणून टाकलं."